अकरा तारखेचं पान

रोज सकाळी उठून लिहा, मनात येईल ते लिहा, पेन थांबवू नका आणि कोणाला दाखवू नका; एकवीस दिवसांत तुम्ही वेगळ्याच व्यक्ती व्हाल, असं पुण्याहून आलेल्या बाईंनी सांगितलं तेव्हा कौमुदी दुसऱ्या रांगेत बसली होती आणि तिच्या मांडीवरचा गौतम तिच्या मंगळसूत्राची वाटी चघळत होता.

मंडळाच्या हळदीकुंकवात व्याख्यान ठेवायची ही पहिलीच वेळ. रायपूर आता नव्या छत्तीसगढची राजधानी झालं होतं, तेव्हा नुसतं वाण लुटून भागणार नव्हतं, व्यक्तिमत्त्व विकासही लुटायला हवा होता. बाकीच्या बायकांनी वाणाची प्लास्टिकची चाळणी पिशवीत घातली आणि व्याख्यान खुर्चीवर सोडलं. कौमुदी चाळणी खुर्चीवर विसरली आणि व्याख्यान घरी घेऊन आली.

तिला वेगळी व्यक्ती व्हायचंच होतं. आहे ती व्यक्ती फार दमवत होती. ही व्यक्ती गॅसचं बटण तीनदा तपासायची, कडी लागली का बघायला फाटकापासून परत यायची, आणि गौतम झोपला की त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बोटाला श्वास लागला की निश्चिंत व्हावं, तर तो जरा जोरातच लागतोय का, ही नवी काळजी. मानसशास्त्रात एम.ए. असल्यामुळे आपल्याला जे होतंय त्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पदवीचा उपयोग एवढाच.

"मला एक डायरी पाहिजे," तिनं अच्युतला सांगितलं.

अच्युत नव्या राजधानीतल्या एका नव्या संचालनालयात सहायक होता. संचालनालय इतकं नवं होतं की साहेबांची खुर्ची अजून भोपाळहून निघाली नव्हती. पण राज्याच्या वाटणीत त्यांच्या हिश्शाला इतर काही सामान येऊन पडलं होतं: दोन पंखे, एक घंटी आणि चाळीस डायऱ्या. त्यातली एक त्यानं संध्याकाळी आणली. जाडजूड, चॉकलेटी पुठ्ठ्याची, वर सोनेरी अक्षरात 'मध्यप्रदेश शासन' आणि खाली सन २०००. एका तारखेला एक अख्खा पाठपोट कागद.

"पण ही दोन वर्षं जुनी आहे," कौमुदी म्हणाली.

"मग? तारखा त्याच असतात. वार खोडून लिही," अच्युत म्हणाला. "बाजारात हीच डायरी घ्यायला गेलीस तर कागद असा मिळणार नाही. शाई फुटत नाही बघ." आणि त्यानं शाई फुटत नाही हे दाखवायला पहिल्याच पानावर स्वतःची सही करून दाखवली.

मध्यमवर्गीय घरात फुकट आलेल्या वस्तूला नाही म्हणायची पद्धत नाही. कौमुदीनं एक फेब्रुवारीचं पान उघडलं, छापलेला मंगळवार खोडला, शुक्रवार लिहिला, आणि तिच्या आत्मविकासाला सरकारी कागदावर सुरुवात झाली. पुढं जे काही झालं ते या एका खाडाखोडीतून झालं. पण त्या वेळी तिला फक्त एवढंच वाटलं की आपलं अक्षर बिघडलंय.

आता वेळ कुठला काढायचा? पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं, पहाटे, शांत जागी. प्रगती विहार ही त्यांची कॉलनी गुढियारी या वस्तीच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून होती. तिथं पहाट होती, पण शांत जागा नव्हती, आणि पहाटेचा सगळा कारभार नळाच्या हाती होता. पाणी साडेपाचला येई, कधी सहाला, कधी येण्याचा नुसता आवाज करून परत जाई. नळ फाटकाजवळ, जमिनीला टेकलेला. त्यामुळे दारच्या पायरीवर बसायचं, एका पायानं रिकामी बादली धरायची, मांडीवर डायरी, आणि कान दोन्हीकडे: एक नळाकडे, एक आत झोपलेल्या गौतमकडे. उरलेल्या कौमुदीनं सर्जनशील व्हायचं.

पहिल्या दिवशी तिनं लिहिलं: 'काय लिहू? गौतम दोनदा खोकला. कोरडा खोकला. छातीतला नाही. छातीतला असता तर कसा आला असता?' दुसऱ्या दिवशी: 'खोकला चारदा. सासूबाई म्हणतात दात येतायत. दात आणि खोकला यांचा संबंध काय?' तिसऱ्या दिवशी तर तिनं खोकल्याचा आवाजच अक्षरांत लिहून पाहिला. मन मोकळं होईल असं बाई म्हणाल्या होत्या. मोकळं होत होतं खरं, पण त्यातून निघत होता तो खोकलाच.

चौथ्या दिवशी समोरचे अनंतराव आले. अनंतराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी गाडी कुठं थांबली, किती थांबली आणि का थांबली हे वहीत लिहिलं होतं. निवृत्तीनंतर लिहायला गाडी उरली नव्हती, त्यामुळे ते पहाटे घड्याळ घेऊन कॉलनीभर फिरत.

"काय लिहून राहिली सूनबाई?"

"काही नाही काका. असंच. मनातलं."

"टाइम टाकला?"

"अं?"

"टाइम, टाइम! टाइमाबिगर लिहिलेलं कोणी मानत नाही. कोर्टातबी मानत नाही. मी एकदा राजनांदगावच्या अलीकडे सात मिनिटं लिहाची राहिलो, तं त्या सात मिनिटासाठी तीन साल इन्क्वायरी चालली." नळ खाकरला. अनंतरावांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "लिही. पाच बावन्न. पाणी आलं."

म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून कौमुदीनं पानाच्या वरच्या टोकाला लिहिलं. सहा वाजून नऊ मिनिटांनी ते पुन्हा हजर. "गेलं. लिही. सतरा मिनिटं. अन सही कर." त्या दिवसापासून ते रोज आले. पाणी आलं की सांगत, गेलं की सांगत. तिच्या अंतर्मनाच्या डोक्यावर रोज एक ओळ नळाची बसू लागली.

शेजारच्या इंदू दीदी कुंपणावरून वाकल्या. त्या मूळच्या वर्ध्याच्या, पण तीस वर्षं रायपुरात राहून त्यांची मराठी फक्त सणासुदीला बाहेर निघे. "क्या लिखते रहती हो रोज-रोज? लिखना ही है तो राम का नाम लिखो. एक लाख हो गए तो मन्नत पूरी. हमारी ननद ने लिखा, तो उसके लड़के को बिजली ऑफिस में लग गई नौकरी."

"मला नोकरी नकोय दीदी. मला फक्त..." आपल्याला फक्त काय हवंय हे चार शब्दांत सांगता येईना, म्हणून कौमुदीनं वाक्य सोडून दिलं.

"मेरे बारे में तो नहीं लिख रही?" इंदू दीदी हसल्या. तोवर कौमुदीनं त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण विचारल्यावर कसं थांबणार? त्या दिवशी तिनं लिहिलं: 'इंदू दीदींचा मोठा पातेला आपल्या नळाखाली आपल्या बादलीच्या आधी कसा पोचतो, हे विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही.' लिहून तिलाच हसू आलं. कित्येक महिन्यांत एकटीनं हसली नव्हती. मग अनंतरावांवर एक वाक्य झालं, अच्युतवर तर पाऊण पान झालं. वाटलं, ही ती वेगळी व्यक्ती तर नव्हे?

सासूबाई, म्हणजे विमलाबाई, काहीच बोलत नसत. आतून बाहेर येत, लिहिणाऱ्या सुनेकडे बघत, बादली पुढे सरकवत आणि आत जात. एकदाच म्हणाल्या, "बाप्पा, एवढं काय साचून राहते गं मनात?" त्यात टोमणा किती आणि प्रश्न किती हे कौमुदीला कळलं नाही. त्यावर तिनं अर्धं पान लिहिलं.

मग अकरावा दिवस आला. आदल्या रात्रभर गौतम रडला होता; झोपवला की उठे, उठवला की झोपे. अच्युत 'सकाळी बोलू' म्हणून कूस बदलून झोपला होता. पहाटे ती पायरीवर बसली, पाणी आलं नव्हतं, अनंतरावही आले नव्हते. रुळांवरून गोंदियाच्या बाजूची एक गाडी जात होती, खिडक्यांतून पिवळा उजेड. पेन आपोआप चालू झालं. बाईंनी सांगितलेलं अगदी तसंच, न थांबता. 'आज वाटलं उठावं, चपला घालाव्या आणि या गाडीत बसावं. एकटीनं. गौतमला न घेता. कुठं जायचं ते नाही ठरवायचं. खिडकीपाशी बसायचं आणि कुणीही आई म्हणून हाक मारायची नाही.'

पाठपोट कागद भरला. तिनं तो वाचून काढला. हे आपणच लिहिलं? त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे लिहिल्यावर वाईट वाटायला हवं होतं, तर हलकं वाटत होतं. चहासुद्धा चवदार लागला. एवढं हलकं वाटणं बरं नव्हे, म्हणून दिवसभर ती धास्तावून राहिली. पान फाडायला घेतलं, तर हात होईना. इतकं सलग तिनं आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, परीक्षेतसुद्धा नाही. शेवटी तिनं डायरी तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली ठेवायला सुरुवात केली. ज्या घरात दोन वेळा भात होतो त्या घरात तांदळाचा डबा ही सर्वांत वर्दळीची जागा असते, हे एम.ए.ला शिकवत नाहीत.

सतराव्या दिवशी पाणी आलं नाही. अठराव्यालाही नाही. एकोणिसाव्या दिवशी कॉलनीचं शिष्टमंडळ, म्हणजे अनंतराव, इंदू दीदी आणि इंदू दीदींचा पातेला, पाण्याच्या ऑफिसात जाऊन आलं. तिथं साहेबांनी रजिस्टर दाखवलं. रजिस्टरात प्रगती विहारला रोज पाऊण तास पाणी येत होतं, न चुकता. "आपके पास कोई रिकॉर्ड है?" साहेबांनी विचारलं होतं.

त्या वेळी कौमुदी गौतमला लसीसाठी घेऊन गेली होती. लस दिली, गौतम रडला, ताप येईल का हे तिनं नर्सला पाच वेळा विचारलं, आणि सायकलरिक्षानं घरी आली तर विमलाबाई परातीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अनंतराव आले होते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुही वही घेऊन गेले. पाण्याच्या हापिसात द्याची म्हणे."

कौमुदीला उभ्या उभ्या ठसका लागला. "तुम्ही दिली? ती कुठं होती हे तुम्हाला..."

"भात काय तू लावते रोज?"

"आई, ती माझी खाजगी होती!"

"कॉलनीचं काम आहे म्हणत होते ना. पण आयक तं..."

कौमुदीनं ऐकलं नाही. लस टोचलेलं पोरगं कडेवर, पर्समध्ये त्याचं लसीचं कार्ड, पायात दोन वेगवेगळ्या चपला, अशी ती दारातल्याच रिक्षात परत चढली. रस्ताभर तिला एकच दिसत होतं: कुणीतरी अंगठ्याला थुंकी लावून अकरा तारखेचं पान उलटतंय. मग ते सगळीकडे पसरणार. कॉलनीत, मंडळात, अकोल्याला माहेरी. 'तीच ती, पोराला टाकून जाणारी.' एकवीस दिवसांत वेगळी व्यक्ती होणार असं बाई म्हणाल्या होत्या. एकोणिसाव्या दिवशीच होणार होती.

पाण्याचं ऑफिस एका जुन्या इमारतीत होतं. पाटीवर 'मध्यप्रदेश' पांढऱ्या रंगानं पुसून वर 'छत्तीसगढ' लिहिलं होतं, पण रंग पातळ असल्यानं दोन्ही राज्यं एकदम दिसत. आत बाकावर अनंतराव ताठ बसले होते, शेजारी इंदू दीदी. टेबलामागे साहेब, त्यांच्या डाव्या हाताला देवांगन मॅडम नावाच्या लिपिक. आणि टेबलावर चॉकलेटी डायरी.

"हे घ्या, सूनबाईच आली!" अनंतराव उठले. "साहब, यही लिखती है. एक मिनट का फरक नहीं मिलेगा."

साहेबांनी डायरीचा पुठ्ठा बोटानं वाजवला. "मैडम, ये तो दो हज़ार की डायरी है."

"हो, पण वार खोडून..."

"फ़रवरी दो हज़ार में तो छत्तीसगढ़ बना ही नहीं था. तब का पानी नहीं आया, तो भोपाल जाइए."

"अहो, तारखा जुन्या, पाणी नवं आहे!" अनंतराव ओरडले. "याने पानी इसी साल का है!"

"ऐसे कैसे मान लें? कल कोई उन्नीस सौ सत्तर की डायरी ले आएगा." साहेबांनी डायरी उचलली आणि थेट कौमुदीपुढे धरली. "ले जाइए. घर की लेडीज़ का टाइमपास है, ठीक है. ऑफिस में नहीं चलता."

झालं होतं. तिनं फक्त हात पुढे करायचा, डायरी घ्यायची आणि घरी जायचं. पान वाचलं गेलं नव्हतं, कुणाला काही कळलं नव्हतं. तिनं हात पुढे केलाही.

पण टाइमपास?

माणसाचं मानीपण कुठं दडून बसलेलं असतं सांगता येत नाही. सासूबाईंनी 'एवढं काय साचते' म्हटलेलं तिनं गिळलं होतं, इंदू दीदींचा पातेला गिळला होता, नवऱ्यानं पहिल्या पानावर केलेली सही गिळली होती. पण एकोणीस दिवस गारठ्यात पायरीवर बसून लिहिलेल्या अक्षराला टाइमपास म्हटल्यावर तिच्या तोंडून हिंदीच बाहेर पडली, तीही चढ्या आवाजात.

"एक भी शब्द झूठ नहीं है इसमें! ये देखिए," तिनं कडेवरचा गौतम टेबलावरच ठेवला. "हर पन्ने पर इसकी खाँसी लिखी है. और दो हज़ार की फ़रवरी में ये पैदा ही नहीं हुआ था!" आणि पर्समधून लसीचं कार्ड काढून साहेबांपुढे आपटलं. जन्मतारीख, डिसेंबर २०००. गौतम छत्तीसगढ राज्यापेक्षा पाच आठवड्यांनी लहान होता.

अनंतरावांनी अभिमानानं इंदू दीदींकडे पाहिलं. "याले म्हणते रेकॉर्ड."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "देवांगन मैडम, देखिए तो. हर पेज पर खाँसी है क्या? पढ़ के सुनाइए, नोट करना पड़ेगा."

आणि तेव्हा कौमुदीला कळलं की आपण काय केलं.

"हव साहब," देवांगन मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डायरी ओढली. त्यांचं माहेर मराठी पाऱ्यात, म्हणजे मराठी लोकांच्या वस्तीत होतं, हे कौमुदीचं नशीब. अडखळत, पण सगळं वाचत होत्या. "एक तारीख. खोकला दोनदा. दो तारीख, चारदा. तीन..." तिसऱ्या पानावरचा खोकला त्यांनी आवाजासकट वाचला. बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आत आला.

"चार तारीख. पाच बावन्न पानी, छह नौ बंद. खोकला एकदा." साहेब लिहून घेत होते. "छह तारीख... इंदू दीदींचा मोठा पातेला..." देवांगन मॅडमनी ओळ पूर्ण वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, यावेळी मनापासून.

"ये मेरे लिए लिखा है?" इंदू दीदी.

"दीदी, ते... तसं नाही..."

"खोकला है कि नहीं, उतना ही बताइए मैडम," साहेब म्हणाले, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आठ तारीख. 'अनंतराव काका रोज हिरवी झेंडी दाखवायला येतात, गाडी मात्र कधीच सुटत नाही.' खोकला नाही."

अनंतराव लालबुंद झाले. "चाळीस साल सर्व्हिस झाली माही. एक शेरा नाही." कौमुदीनं नजर जमिनीवर लावली. तिथं तिला तिच्या दोन चपला दिसल्या, एक निळी, एक तपकिरी. हे सगळं सोसलं असतं तिनं. पातेला, झेंडी, अच्युतच्या घोरण्यावरचं पाऊण पान, सगळं. पान नऊ झालं. पान दहा. देवांगन मॅडमनी बोट जिभेला लावलं. 'उठावं, डायरी ओढावी, पळावं,' असं मनात येत होतं, पण ती चपलांकडेच बघत राहिली.

"बारा तारीख," देवांगन मॅडम म्हणाल्या. "पानी छह दो. खोकला दोनदा."

कौमुदीनं मान वर केली.

"अकरा कुठं गेली?" अनंतराव उभे राहिले. मघाचा अपमान ते विसरले; वहीतलं पान गायब होणं हा त्यांच्या लेखी अपघात होता. "अकरा तारखेला मी पाणी स्वतः लिहाले लावलं. सहा सतरा! पान कुठं गेलं?"

देवांगन मॅडमनी डायरी आडवी धरली. दहा आणि बारा यांच्या मधोमध कागदाची बारीक कड राहिली होती, पट्टीनं फाडल्यासारखी सरळ.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "पेज गायब है. मतलब रिकॉर्ड से छेड़छाड़. अब तो मुश्किल है."

सगळे कौमुदीकडे बघू लागले. तिच्या छातीवरून आत्ताच एक डोंगर उतरला होता आणि त्याच जागी दुसरा चढत होता. पान इथं नाही, तर कुठं आहे? आणि कुणाकडे? तेवढ्यात टेबलावर बसलेल्या गौतमनं साहेबांच्या समोरची शिष्टमंडळाची पोचपावती उचलली, आवक क्रमांकासकट तोंडात घातली आणि चघळू लागला.

"खा गया," कौमुदी म्हणाली. "बच्चा खा गया."

साहेबांनी गौतमकडे पाहिलं. गौतमनं आवक क्रमांक गिळला.

"नोट कीजिए मैडम," साहेब थकलेल्या आवाजात म्हणाले. देवांगन मॅडमनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दिनांक ११ का पृष्ठ शिशु द्वारा खा लिया गया.' खाली शिक्का मारला. शिक्का अजून मध्यप्रदेशचाच होता.

तक्रार मंजूर झाली. डायरी परत मिळणार नव्हती. ती आता पुरावा होती, तिला पिवळ्या फायलीत दोरीनं बांधण्यात आलं. शिवाय साहेबांनी आदेश दिला: लाइनची तपासणी होईल, आणि तोवर तक्रारकर्त्या श्रीमती कौमुदी यांनी पुढचे सहा महिने रोज नोंद ठेवून दर महिन्याच्या पाच तारखेला कार्यालयात दाखल करावी. एकही दिवस सुटता कामा नये. पुण्याच्या बाईंना एकवीस दिवसांत जे साधता आलं नसतं ते सरकारनं एका सहीत साधलं.

निघताना देवांगन मॅडम हळूच म्हणाल्या, "बाबू को अदरक का रस शहद में देना. और सुनो, आगे भी ऐसे ही लिखना, पूरा. सिरफ पानी मत लिखना."

परतीच्या रिक्षात इंदू दीदी तिच्या शेजारी बसल्या. रेल्वेचे रूळ आले तेव्हा म्हणाल्या, "पातेला नहीं है वो. गंज है, खड़े किनारे का. लिखना है तो ठीक से लिखो." आणि गौतमला आपल्या मांडीवर घेतलं.

घरी विमलाबाईंचे तांदूळ निवडून झाले होते. कौमुदी दारातच उभी राहिली. न विचारताच विमलाबाईंनी कमरेच्या बटव्यातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"पट्टीनं काढलं म्या. सरळ. नळाच्या लोकाइले काय करायचं आहे त्याचं?"

"तुम्ही... वाचलं?"

"चवथीलोक शाळा शिकली मी. अक्षर चांगलं आहे तुहं."

"आई, मी तसं खरंच करणार नव्हते. गौतमला टाकून मी कधी..."

"मी तं गेली होती," विमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी परात भिंतीला टेकवली. आवाज नेहमीसारखाच होता, भाजीला काय करू विचारतानाचा. "अच्युत दीड वर्साचा. गोंदियाले होतो तवा. पोट्टं सासूजवळ टाकलं, वावरात जातो म्हटलं आन टेसनावर गेली. टिकीट काढलं नाही, नुसती बाकावर बसली. गाडी आली. दारापाशीबी जाऊन उभी राहिली. मंग ते सुटली. मंग आली घरी आन वरण फोडणीले टाकलं. कोणाले मालूम नाही. आज तुले सांगतलं."

आत गौतम खोकला. एकदाच, कोरडा. कौमुदी उठली नाही. हे तिला नंतर आठवलं, की आपण उठलो नाही.

"मग काहून परत आलात?" तिनं विचारलं. तिच्या तोंडी 'काहून' पहिल्यांदाच आलं होतं.

विमलाबाईंनी बटव्याची दोरी आवळली. "भूक लागली होती," त्या म्हणाल्या. आणि मग दोघी इतक्या हसल्या की इंदू दीदी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पायरीवर दोन वह्या होत्या. एक सरकारची, आदेश क्रमांक घातलेली. दुसरी साधी, दोनशे पानी, कौमुदीनं स्वतः दुकानात जाऊन विकत आणलेली, जिच्यावर ना कुठलं साल होतं, ना कुणाची सही. तिच्या पहिल्या पानावर अकरा तारीख खळीनं चिकटवलेली होती.

"पाच एक्केचाळीस!" समोरून अनंतरावांचा आवाज आला. ते अजून रुसलेले होते, त्यामुळे अंगणातूनच ओरडले. पण टाइम सांगायचा म्हणजे सांगायचा. पाणी आलं होतं. बारीक, तपकिरी, पण आलं. कौमुदीनं सरकारी वहीत लिहिलं, सही केली आणि दुसरी वही उघडली.

विमलाबाई बादली घेऊन बाहेर आल्या. वाकून चिकटवलेलं पान बघितलं.

"यात टाइम नाही टाकला तू."

"राहिला, आई."

"माह्यं लिहिशील तं टाक." त्या नळाखाली बादली सरकवत म्हणाल्या. "दुपारचे तीन दहा. गाडी वीस मिनिटं लेट होती."

कौमुदी लिहू लागली. मांडीवर बसलेल्या गौतमनं लगेच हात पुढे केला आणि पानाचा कोपरा पकडला. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, वही दुसऱ्या बाजूला घेतली आणि त्याच्या हातात सरकारी वही दिली.